आगाऊ बक्षीस

"आधी बक्षीस? माणूस पाहिला नाही, त्याचं काम पाहिलं नाही, अन् आधीच बक्षीस?" बन्सीलालनं कागद टेबलावरून परत सरकवला.

हर्षदा हसली. रिंगरोडवरच्या त्या गुजराती ट्रॅव्हल ऑफिसात मराठी बोलणारी ती एकटीच, म्हणून हे नवराबायको तिच्या टेबलाशी बसले होते.

"काका, जहाजावरची पद्धतच आहे ती. खोल्या आवरणारे, जेवण वाढणारे, यांना पगार थोडा असतो. घर बक्षिसावर चालतं. इथूनच भरून गेलात की तिथे कोणाच्या हातावर काही ठेवायला नको."

"बरं. पण दिवाळीत सांगितलेला आकडा आज वाढला कसा?"

"डॉलर वाढला ना. दिवाळीत छत्तीसच्या वर होता, आता चाळीसला टेकलाय. बक्षीस डॉलरात, तुम्ही भरणार रुपयात. मधला फरक तुमच्याच अंगावर."

"म्हणजे जहाज त्यांचं, डॉलर त्यांचा, अन् भुर्दंड माझा."

सरलाबाई नवऱ्याशेजारी पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. पंख्याखाली बसूनही त्यांचा गळा घामानं ओला झाला होता.

सहल फुकटच होती. वर्षभर भरपूर सूत उचलणाऱ्या गिऱ्हाइकांना यार्नच्या शेठनं यंदा दोन गोष्टी पुढे केल्या होत्या. एकतर सोन्याचं नाणं घ्या, नाहीतर सिंगापूरहून जहाजाची सफर करा. त्यांच्या भेस्तान भागातल्या सगळ्या लूमवाल्यांनी नाणं घेतलं. बन्सीलाल एकटा म्हणाला, "जहाज बघू." ज्या माणसानं लग्नानंतर बायकोला सापुताराही दाखवला नव्हता, त्यानं! सरलाबाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.

कारण त्याच जहाजावर योगेंद्र होता.

पोरगा एकुलता एक. बापाच्या लूमवर बसायचं सोडून हॉटेलच्या कोर्सला गेला, आणि जहाजाच्या नोकरीचं पत्र घेऊन घरी आला. त्या दिवशी बन्सीलालनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं, "मी कारागिराचा मालक झालो, अन् तू लोकांच्या गाद्या झटकणार? हात पसरून उभा राहणार?" पोरगा बॅग घेऊन गेला तो गेलाच. घरात त्याचं नाव निघेनासं झालं. धुळ्याला दिलेली लेक, गायत्री, अधूनमधून फोन करून आईला भावाची खबर द्यायची. फोन बन्सीलालनं उचलला तर तो एवढंच म्हणायचा, "देतो तुझ्या मायले."

सरलाबाईंचा बेत साधा होता. जहाजावर कुठेतरी, जिन्यात नाहीतर एखाद्या बोळात, पोराला गाठायचं. तोंडावरून हात फिरवायचा. पोरगा याच जहाजावर आहे हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही. पण गायत्रीनं एक गोष्ट सांगितल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बक्षीस आधी भरलं नाही, तर उतरायच्या दिवशी लोक खोलीवाल्या पोराला बोलावून पाकीट देतात. आणि तो पोरगा योगेंद्रच निघाला तर? बाप सोफ्यावर बसलेला, पोरगा दारात हात पुढे करून उभा. ते दृश्य डोळ्यांपुढे आलं की त्यांना घास गिळवत नव्हता.

"भरून टाका ना," त्या हळूच म्हणाल्या.

"तुले काय करनं शे?"

"फरकाचे मी देते. साड्यांना फॉल लावून जमवलेत माझे."

बन्सीलालनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. सरलाबाईंनी नजर टेबलावरच्या ग्लासाकडे नेली. याला कळलं की काय? कळलं तर इथूनच उठेल, तिकीट फाडेल. त्या ग्लास उचलून घटाघटा पाणी प्यायल्या.

"पोरी," बन्सीलाल हर्षदाला म्हणाला, "यातलं वाढप्यांचं किती, अन् खोलीवाल्याचं किती, वेगळं करून सांग."

हर्षदानं कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि सांगितलं.

"वाढप्यांचं घे भरून."

"आजच्या भावानं?"

"आजच्याच." त्यानं घासाघीस न करता नोटा काढून दिल्या. सरलाबाई बघतच राहिल्या. सुताच्या कोनामागे चार आणे सुटावेत म्हणून तासभर भांडणारा हा माणूस.

"अन् खोलीवाल्याचं काढून टाक."

"अहो, असं काय करता?" सरलाबाईंचा आवाज चढला. बाजूच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. "वाढप्यांना देता, अन् गाद्या घालणाऱ्यानं काय पाप केलं? तो माणूस नाही का?"

बन्सीलालनं उरलेल्या नोटा परत खिशात ठेवल्या.

हर्षदा अवघडली. "काका, काढता येतं. पण जहाजाला कारण कळवावं लागतं. बहुतेक जण काम पसंत पडलं नाही असं लिहितात. मग त्या माणसाला वरून बोलणी बसतात. तुम्ही तर अजून पाऊलही ठेवलेलं नाही. नका ना तसं लिहू."

सरलाबाई अर्ध्या उठल्या. बापाच्या नावानं पोरावर तक्रार जाणार होती. आता सांगून टाकावं, पाया पडावं, मग सफर गेली तरी चालेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"काय लिहू काका?" हर्षदानं पेन उघडलं.

बन्सीलालनं चष्मा काढला. बाहीवरचा बायकोचा हात त्यानं सोडवला नाही, उलट त्यावर आपला हात ठेवला.

"लिही," तो म्हणाला, "खोल्या आवरणाऱ्यांत योगेंद्र बन्सीलाल पाटील आहे. बाप पोराला बक्षीस देत नसतो."