आतला हात

यशवंतरावांनी पत्र्यावरच्या रिवेटांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग दारातून आत शिरून, टॉर्च लावून तीच ओळ मागून पाहिली.

"वा! सूनबाई, बोलली नाहीस कधी."

"काय, बाबा?"

"तुझा हात इतका चांगला आहे ते."

वीणा ड्रिलचं टोक बदलत होती. तिला नीटसं कळलं नाही. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गजवळच्या या खेड्यात यशोधनने दीड वर्षापूर्वी एक कोठार भाड्याने घेतलं होतं आणि त्यात हा जुना ॲल्युमिनियमचा वोनवागन आणून ठेवला होता. चाकांवरचं घर, एकोणीसशे चौसष्ट सालचं. दर शनिवारी तो इथे यायचा. वीणा आज दुसऱ्यांदा आली होती, तीही सासऱ्यांनी आग्रह केला म्हणून. ते परवाच पुण्याहून आले होते. दापोडीच्या वर्कशॉपात त्यांनी एकतीस वर्षं एस.टी.च्या बॉड्या रिवेट केल्या होत्या, आणि खिडकीखालची शेवटची ओळ त्यांना स्वतः बसवायची होती. यशोधन बेकरीतून ब्रोट्शेन, म्हणजे छोटे पाव, आणायला गेला होता.

"मी नाही, बाबा. यशोधननेच केलंय सगळं. पॉप रिवेट आहेत. ते एकट्याला मारता येतात."

यशवंतराव हसले. "कुणी सांगितलं? पॉप रिवेटला मधोमध भोक असतं. दाखव बरं यात कुठे आहे? हे भरीव आहेत. बाहेरून एक जण गन मारतो, आतून दुसरा डॉली धरतो." त्यांनी फळीवरचा पोलादी ठोकळा उचलून दाखवला. "दाराशेजारी असते तर म्हटलं असतं, घातला असेल दोन्हीकडून हात. पण इथे, भिंतीच्या मध्यावर? माझ्या पोराला चार हात आहेत का?"

वीणा आत आली. आतलं लाकडी अस्तर काढून टाकलेलं होतं आणि पत्र्याची मागची बाजू उघडी होती. प्रत्येक रिवेटखाली पेन्सिलीची बारीक, बरोबरची खूण होती. ओळीच्या शेवटी एक गोल चेहरा काढलेला होता. दोन ठिपके आणि हसरी रेघ.

"हाही तूच काढलास ना?" यशवंतराव म्हणाले. "आमच्याकडे भास्कर अशाच खुणा करायचा. वर शेंडीही काढायचा. साहेब चिडायचा."

वीणाने खुणा मोजायला सुरुवात केली. सत्तरपर्यंत मोजून ती थांबली. मार्चमध्ये तिने विचारलं होतं, मी येऊ का मदतीला? यशोधन म्हणाला होता, "पॉप रिवेट आहेत गं, एकट्याचं काम. तू कंटाळशील." आणि डबा भरताना म्हणाला होता, दोन पोळ्या जास्त घाल, थंडीत भूक लागते. त्यानंतर ती दर शनिवारी दोन पोळ्या जास्त करत होती.

"सूनबाई?"

"हो," वीणा म्हणाली. "मीच काढला."

"मग चल. तो येईपर्यंत एक तरी बसवू. आमच्या खुणा ऐकून ठेव. आतून एक ठोका म्हणजे बसला. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे वाकडा गेला, काढ."

ते बाहेर गेले. वीणा आत गुडघ्यांवर बसली. बाहेर ड्रिल फिरलं, जुन्या रिवेटचं डोकं उडालं, ठोकणीचा एक घाव बसला आणि उरलेला तुकडा तिच्यासमोर पडला. रिकाम्या भोकातून उजेडाची एक काडी आत आली. मग नव्या रिवेटचं शेपूट आलं आणि उजेड बंद झाला.

"धरलीस?"

"धरली."

गन धडधडली. डॉली तिच्या हातांतून उसळली. तिने ती दोन्ही हातांनी दाबून धरली, पण शेपूट तोवर आडवं झालं होतं आणि शेजारी पत्र्यावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडला होता.

गन थांबली. यशवंतराव रिवेटच्या डोक्यावर अंगठा ठेवून उभे असतील, हे तिला न बघता कळलं.

"वीणा," ते म्हणाले. या वेळी सूनबाई नाही. "तू याआधी कधी डॉली धरली आहेस?"

तिने वाकलेल्या रिवेटकडे पाहिलं. मग डॉली उचलली आणि पत्र्यावर एकच ठोका दिला.



खडीवर गाडी थांबली. दार आपटलं. कागदी पिशवीचा आवाज जवळ आला.

"अरे, सुरूपण केलंत?" यशोधनचा आवाज मजेत होता. "आत कोण आहे, बाबा?"

"तुझी बायको," यशवंतराव म्हणाले. "पहिल्यांदाच."

पिशवीचा आवाज थांबला.

मग ड्रिल पुन्हा सुरू झालं, त्याच रिवेटवर. यशवंतराव घाई करत नव्हते. डोकं सुटलं. ठोकणीचा घाव बसला. दुसरा बसला.

वीणाने तळहात पुढे धरला. वाकडा रिवेट त्यात पडला. तो अजून गरम होता.