काजव्याचा उजेड

केतकीनं अंधाऱ्या प्रयोगशाळेतला शेवटचा लुकलुकता दिवाही काळ्या चिकटपट्टीनं झाकला. विभागप्रमुख घैसास सरांच्या मनगटावरचं घड्याळ तेवढं झगमगत होतं. "सर, घड्याळ..." ती म्हणाली, पण ऐकतो कोण!

तिचा प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते अनुदान समितीचे दोन पाहुणे आज ठरवणार होते. काचेच्या कुपीतल्या, पालकाच्या भाजीतून काढलेल्या हिरव्या रेणूंवर ती जुळ्या प्रकाशकणांचा मंद उजेड सोडत होती. आडोशातल्या संगणकाच्या पडद्यावर रेणूंच्या प्रतिसादाची रेघ मुंगीच्या पावलानं वर चढत होती.

"बाळंतपणाची रजा संपली, पण बाईंची अंगाई काही संपत नाही," सर पाहुण्यांकडे बघून हसले. "काजव्याच्या उजेडात काय दिसणार? हे बघा!" आणि त्यांनी शेजारचा मोठा लेझर थेट कुपीवर सोडला.

रेघ आभाळाला भिडली. पाहुणे "वा!" म्हणेपर्यंत ती धाडकन खाली आपटली, ती उठलीच नाही. सर पडद्यावर टिचक्या मारत राहिले.

केतकीनं दिवा लावून कुपी बाहेर काढली. आतलं हिरवं पाणी फिक्कट पडलं होतं. "रेणू जळाले, सर. झोपलेलं बाळ बघायला कुणी ट्यूबलाइट लावतं का?"

थोरले पाहुणे खुर्ची ओढून बसले. "बाई, तुमचा उजेड लावा. आम्ही थांबतो."

तिनं नवी कुपी ठेवली, चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि सरांच्या घड्याळावर घट्ट दाबला. पट्टी अजून उरली होती. तिनं एकवार सरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दिवा मालवला.