जिन्याचं वळण

“आजोबा, मेणबत्ती विझवायची नाही हं, ज्योत नुसती वाकवायची,” फिजिओवाली मुलगी म्हणाली. ह्यांनी ओठांचा चंबू करून ज्योत अशी वाकवली की ती बघतच राहिली. सोनाराचा श्वास तो! उभा जन्म फुंकणीने दागिने जोडण्यात गेला. त्याच धुराने फुप्फुसं खाल्ली आणि मागोमाग आठवणही जायला लागली.

“व्यायामाने दम सुधारेल, कदाचित डोकंही तरतरीत होईल,” डॉक्टर म्हणाले होते. मी डोक्याचं तेवढं धरून बसले. रोज ह्यांना चालवलं, मेणबत्त्या लावल्या.

दम खरंच सुधारला. पूर्वी जिना उतरताना पहिल्या वळणावरच हे धापा टाकत खाली बसायचे.

आज सकाळी पोहे खाऊन ह्यांनी बशी माझ्या हातात दिली आणि चपला घातल्या. “येतो वहिनी. फार केलंत माझं. घरी बायको वाट बघत असेल.”

“अहो, मीच ती!” मी ओरडले. परक्या बाईकडे बघून हसावं तसं हसून ते जिना उतरू लागले.

माझे गुडघे धड नाहीत. कठडा धरून एकेक पायरी उतरत मी हाका मारत राहिले. देवा, वळणावर ह्यांना धाप लागू दे. पूर्वीसारखं खाली बसू दे.

ते वळणावर थांबले. ओठांचा चंबू केला, शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडला आणि उरलेला जिना उतरून निघून गेले.