हातांचं वेगळं नेटवर्क

मिरजेत वैजयंतीच्या छोट्या कारखान्यात बनलेले कृत्रिम हात गावात कुणीही कुठेही वापरले तरी तिथल्याच राउटरवरून चालत. सकाळी तिने नवा राउटर बसवला, कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला आणि हातांचं नेटवर्क कारखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वायफायपासून वेगळं केलं. तेवढा वेळ सतारी बनवणाऱ्या इब्राहिमचाचांचा उजवा, तिने बनवलेला हात लुळा पडला.

"एवढा खटाटोप कशाला?" ते फोनवर वैतागले.

दुपारी शहरातल्या नेटवर्कांत कुणीतरी घुसलं. इतर कारखान्यांचे हात होते तिथेच थिजले. वैजयंती चाचांच्या दुकानात धावली. चाचा नव्या सतारीच्या तारा जुळवत होते आणि त्यांची बोटं सराईतपणे फिरत होती.

"काय झालं, बेटी?"

"काही नाही, चाचा," ती धापा टाकत हसली. "आपल्याकडे काहीच झालं नाही."