आतल्या बाजूची खूण

चंद्रहासच्या हातातून चांदी काळवंडलेली अशी कधीच परत जात नसे, आणि याचा त्याला फार अभिमान. परदेशात, पापाटोएटोत थाटलेल्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून त्याने हेलन नावाच्या गिऱ्हाइकाचं चांदीचं कडं शेवटचं पुसलं आणि काउंटरवरच्या लेकीच्या हातात दिलं. "सिद्धी, बघ म्हणावं. नवंकोरं झालंय."

हेलनने मंगळवारी कडं टाकलं होतं ते फक्त हलणारा निळा खडा घट्ट करायला. आता तिने खड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कडं उलटं करून ती दाराच्या उजेडात गेली. आतून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग हळू आवाजात सिद्धीशी इंग्रजीत बोलत राहिली.

"बाबा, आत एक मार्क होता."

"मार्क कसला, ओरखडे होते. काळं साचलं होतं त्यात. मशीनवर धरून साफ काढले." चंद्रहास खुशीत होता. "त्यांनी सांगितलं नव्हतं, मी आपणहून केलं म्हणून सांग."

सिद्धीने ते सांगितलं नाही. "हे अमेरिकेतल्या नवाहो जमातीच्या सोनाराचं काम आहे. त्यांच्यात बरेच जण नाव नाही घालत, आपली खूण ठोकतात. तो ह्यांचा डॅड होता, बाबा. ह्यांच्या आईने त्याचं नाव कधी सांगितलंच नाही, आणि ती जूनमध्ये गेली. खुणेवरून माणूस सापडतो म्हणे. काळ्यामुळे ह्यांना ती नीट दिसत नव्हती. आज तुमच्या भिंगातून बघणार होत्या."

चंद्रहास उठून काउंटरपाशी आला. नाशिकला त्याच्या वडिलांचाही ठसा होता. गिऱ्हाईक भांडं उलटं करून आधी तो बघायचं. हे त्याला आत्ता आठवलं, आणि स्वतःची लाज वाटली.

हेलनने कडं काउंटरवर ठेवलं आणि कागद-पेन त्याच्यापुढे सरकवलं. "यू सॉ इट," ती म्हणाली. "प्लीज."

काळं निघालं तेव्हा क्षणभर ती खूण स्वच्छ दिसली होती, फक्त त्यालाच. त्याने एक तिरकी रेघ काढली. तिला जोडून दुसरी. बाण असेल. पक्ष्याचा पाय असेल. पेन तिथेच थांबलं. हेलन वाकून बघत होती.

"आठवत नाही म्हणून सांग," तो म्हणाला.

सिद्धीला सांगावं लागलं नाही. दोन रेघांचा तो कागद हेलनने जपून घडी घालून पर्समध्ये ठेवला, थँक यू म्हणाली आणि गेली.

कडं काउंटरवरच राहिलं.