पंचशीलाचं नाक

चार वर्षांपूर्वीच्या तापात माझ्या नाकाला वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. पेट्रोलचा वास आता सकाळी विसरलेल्या स्वप्नासारखा झालाय. काहीतरी होतं, एवढंच आठवतं. चाकूरच्या माझ्या गॅरेजात हे फक्त बायकोला, पंचशीलाला ठाऊक. म्हणून लिंबाखाली ती जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार थांबली आणि गाडीमालक म्हणाले, “मिस्त्री, कुठंतरी पेट्रोल गळून राहिलंय,” तेव्हा त्यांना चहाला पाठवून मी पंचशीलाला हाक मारली. थेंब उन्हात लगेच वाळत होता, डोळ्यांना काही दिसेना. लग्नातही माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतो म्हणून हार घालताना नाक मुरडणारी, माझा शर्ट आजवर उंबऱ्याबाहेर ठेवणारी ही बाई पदर खोचून वाकली आणि पाइपावरून हळूहळू नाक नेत राहिली. “हितं,” ती म्हणाली. रबराला केसाएवढी चीर होती. मी नवा पाइप बसवला, क्लिपा आवळल्या, गाडी चालू केली. इंजिन झोपेतल्या माणसासारखं संथ घुमू लागलं. “आता येतोय का वास?” “हाव, येतोय.” मी घाईनं इंजिन बंद केलं. “कुठून?” तिनं माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. “हितून.” लिंबाची सावली आमच्यावर हलत होती. मी खोल श्वास ओढला, पण काहीच आलं नाही. “कसा येतोय गं? सांग की.” तिनं डोळे मिटले. “हार घालताना आला हुता, तसाच.”