पाण्याचा वाटा

लेकीने कोरा कागद बाबांसमोर सरकवला आणि जमेल तितक्या सहज आवाजात सांगितलं, कॉलेजच्या पेपरात एक गणित घालायचंय, तुम्ही एकदा नजरेखालून घाला. हायड्रोक्लोरिक आम्ल, अतिशय विरळ. संहती दहाचा उणे आठवा घात. पीएच किती?

बाबांनी चष्मासुद्धा लावला नाही. "माझाच सापळा मला लावतेस होय?" म्हणत त्यांनी ६.९८ लिहिलं, भोवती गोल काढला आणि कागद परत केला. "तपासा, प्राध्यापकबाई."

तिचा जीव भांड्यात पडला. दुपारी एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन येऊन गेला होता. सरांनी माझ्या मुलीचं बरोबर आलेलं गणित खोडलं, त्या चाचरत म्हणाल्या होत्या. रागापेक्षा त्यांच्या आवाजात काळजीच जास्त होती. आता तिला वाटलं, त्या बाईंचाच काही घोटाळा झाला असेल. या गणितात बाबांनी मुलांच्या कितीतरी तुकड्या पकडल्या होत्या. मुलं नुसता घात बघून आठ लिहीत, आणि बाबा शांतपणे विचारत, सातच्या वर गेलं म्हणजे अल्कली झालं; आम्लात नुसतं पाणी ओतून त्याचं अल्कली कसं होईल? फार तर ते सातच्या दारापर्यंत येईल. पाण्याचा स्वतःचा हायड्रोजन असतो, तो कोण धरणार?

बाहेरच्या खोलीतली बाबांची शिकवणी सुरू व्हायला अर्धा तास होता. ती कागद उचलून निघालीही होती. मग काय वाटलं कोण जाणे, तिने आठ खोडून नऊ केलं. आम्ल आणखी दहापट विरळ.

"आणि हे?"

या वेळी त्यांनी चष्मा लावला. पेनाचं टोक कागदाला टेकवलं आणि ते तसंच राहिलं. शाईचा ठिपका वाढत गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं, ९.

"बाबा, आम्ल आहे हे."

"दिसतंय मला."

त्यांनी नवाभोवती गोल काढला, मग त्यावरूनच दुसरा. पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, दुपारी फोन कुणाचा होता. तिने बँकेचा म्हणून पाहिलं, पण खोटं बोलण्यात ती लहानपणापासूनच कच्ची होती. शेवटी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी नाकारलं नाही. उत्तर तेच होतं, ६.९८, ते म्हणाले, पण पोरीने मध्येच कुठलासा आकडा मिळवला होता. तो कुठून आला ते त्यांना कळेना. तीनदा वाचलं. मग खोडलं.

"उत्तर पाठ आहे गं मला," ते म्हणाले. "ते येतं कुठून, तेवढं सापडत नाही."

तिने सुचवलं की मुलांना आज परत पाठवू, सरांना बरं नाही म्हणून सांगू. त्यावर ते चिडले. पडसं झालंय का मला, म्हणाले, की दोन दिवसांनी जाईल? जिन्यात चपलांचे आवाज येऊ लागले. बाबांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चुकीचं शिकवणार नाही मी. तू घे वर्ग."

तिने खडू घेतला. आठ मुलं बाकांवर बसली होती आणि नव्या बाईंकडे टकामका बघत होती. फळ्यावर गणित लिहून ती वळली, तर बाबा दारात उभे होते, हातात एक कोरी वही. ते सरळ दुसऱ्या बाकाशी गेले. तिथल्या मुलीला म्हणाले, तुझं बरोबर होतं, मी उगाच खोडलं. ती बिचारी उभीच राहिली. त्यांनी तिला खाली बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसले.

"बाई," ते फळ्याकडे बघत म्हणाले, "पाण्याचा वाटा जरा सावकाश सांगा."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. लेकीने फळ्याकडे तोंड केलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ फळा पुसत राहिली. ती पुन्हा वळली तेव्हा बाबांनी वही उघडली होती. कोपऱ्यात तारीख घालायला ते वाकले, थांबले, आणि शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावून एकेक आकडा उतरवून घेऊ लागले.